निशाणाचा सलाम

युद्धाआधी ती केळी वाहणारी बोट होती. आता कठड्याच्या खोट्या फळ्यांमागे चार जर्मन तोफा दडलेल्या आणि मागच्या टोकाला, युद्धात नसलेल्या नॉर्वेचं निशाण. ते निशाण फोल्कर्ट हार्मसेनच्या ताब्यात. तीस वर्षं त्यानं मालाच्या बोटींवर काढली होती. या युद्धात त्यांनी शत्रूच्या पाच बोटी धरल्या, दर वेळी इशाऱ्याचा एकच गोळा पुरला, एकही माणूस मेला नव्हता. तेवढ्या आधारावर त्याला झोप लागायची.

सहावी बोट इंग्रजांची, कोळशाची. तिला भुलवायला खलाशी गेर्ट कप्तानाची बायको म्हणून झगा घालून उभा राहिला.

"बाबा, दिसतोय का बरा?" वयामुळे सगळे खलाशी हार्मसेनला बाबा म्हणत.

"आधी दाढी कर. त्यांना तुझ्या नवऱ्याची कीव येईल."

बोट जवळ आली आणि हार्मसेनचा हात आपसूक दोरीकडे गेला. निशाण अर्ध्यावर उतरवून त्यानं पुन्हा चढवलं. वाटेत बोट भेटली की मालवाले असाच रामराम करतात, समोरचेही तसंच उत्तर देतात. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

इंग्रजांच्या बोटीवर एक टकला माणूस मागच्या टोकाकडे पळाला. तिथे त्यांची तोफ होती. निशाणही होतं.

"तोफेकडे चाललाय," कप्तान रेहडर म्हणाले. "निशाण बदल."

आपलं खरं निशाण चढवल्याशिवाय गोळा डागायचा नाही, असा कायदा. हार्मसेनला त्या माणसाचा हात दिसत होता. तो निशाणाच्या दोरीवर होता. 'साहेब, थांबा', एवढंच म्हणायचं होतं. पण हुकूम झाला की त्याचे हात आधी चालत. नॉर्वे खाली आलं, जर्मनी वर गेलं. फळ्या पडल्या आणि पहिलाच गोळा त्या मागच्या टोकावर बसला; टकला माणूस जागीच गेला.

संध्याकाळी कैदी इंग्रज कप्तान मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "तुम्ही सलाम केलात, म्हणून आमच्या त्या टकल्या सुताराला निशाणाकडे पाठवलं मी."

हार्मसेन तसाच रेहडरकडे गेला. "साहेब, तो तोफेकडे नव्हता गेला. माझ्या सलामाला उत्तर द्यायला आला होता."

रेहडरनी नोंदवही मिटली. मग म्हणाले, "सलामानं ते बेसावध होतात खरे. यापुढे प्रत्येक बोटीला करत जा."

"मला खाली भट्टीवर पाठवा, साहेब."

"जा. पण आधी गेर्टला शिकव."

त्यानं शिकवलं. किती उतरवायचं, किती थांबायचं, सगळं.

शनिवारी तो भट्टीत कोळसा टाकत होता, तेव्हा वर तोफ वाजली. फावडं हातात धरून तो दुसरी वाजते का, ते ऐकत राहिला.