पेटीतलं बीप

दवाखान्यातून इन्शुलिनचा पंप लावून घरी आल्यावर चिमणीने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

आता यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण चिमणीला लहानपणापासून टाइप वन डायबिटीस. तिच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नव्हतं, ते बाहेरून टोचावं लागे. जेवणाआधी एक सुई, आणि जेवताना आणखी खावंसं वाटलं तर आणखी एक. सुईच्या कंटाळ्याने ‘पोट भरलं’ म्हणायची तिला इतकी सवय जडली होती, की आपलं पोट खरोखर कधी भरतं हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आता कमरेला काडेपेटीहून जरासं मोठं यंत्र, त्यातून निघालेली बारीक नळी, आणि नळीचं टोक पोटाच्या कातडीला चिकटवलेलं. इन्शुलिन थेंबथेंब आपोआप आत जाई आणि जादा भातासाठी फक्त बटण दाबायचं. तिने बटण दाबून भात खाल्ला, पुन्हा बटण दाबून केळं खाल्लं, आणि मग काही कारण नसताना हसत सुटली. तिचं पाहून आई हसायला लागली, आईचं पाहून मावशी. बाबा तेवढे हसले नाहीत.

बाबा जादूगार होते. आई शोमध्ये कीबोर्ड वाजवायची, मावशी तिकिटाच्या खिडकीत बसायची, आणि चिमणी पेटीत जायची. त्या पेटीचे बाबा करवतीने दोन तुकडे करत. चिमणी एवढ्याशा जागेत अंग चोरून बसायची, म्हणून तर तिचं नाव चिमणी. बाबांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: जे दिसलं, ते संपलं. पोरीला सुई लागते हेही त्यांनी जगाला कधी दिसू दिलं नाही. भरल्या पंगतीत, शेजारी गप्पा मारत असताना, तळहातात इन्शुलिनचं पेन लपवून टेबलाखाली टोचून घ्यायचं त्यांनीच तिला शिकवलं होतं. “काय सफाई आहे पोरीच्या हातात,” असं ते आईला कौतुकाने सांगत. लहानपणी चिमणीलाही त्याची मजा वाटायची. मोठी झाल्यावर त्या लपवालपवीचा तिला वीट आला होता, पण बाबांना ते सांगणार कोण?

“शोपुरता तो काढून ठेव,” बाबा म्हणाले.

“थोडा वेळ काढता येतो, असं नर्सताई म्हणाल्या. पण मला नाही काढायचा.”

“का?”

“मला आवडलाय तो.”

बाबांनी कपाळाला हात लावला. “अगं, लोकांना तो दिसला ना, की शो संपेपर्यंत त्याच्याकडेच बघत बसतील. मग माझी जादू कोण बघणार? हे बघ चिमणे, ठेव तू पंप. पण दिसता कामा नये. दिसला तर तू तिकिटाच्या खिडकीत बसायचं आणि पेटीत मावशी जाईल.”

मावशीला चहाचा ठसका लागला. तिला उभ्याने स्वतःचे पाय दिसल्याला बरीच वर्षं झाली होती.

चिमणीला मात्र ही थट्टा वाटली नाही. बाबा शब्दाचे पक्के होते. आणि स्टेजवरचा तो उजेड, ती शांतता, श्वास रोखून बसलेली माणसं, यापेक्षा तिला जगात काहीच जास्त प्रिय नव्हतं. ती “बरं” म्हणाली.

मग बाबांच्या अंगात आलं. लपवायचं म्हटलं की त्यांना दहा हत्तींचं बळ येई. पंप आधी अंबाड्यात ठेवून पाहिला, तर अंबाडा एका बाजूला कलला. बाहीत ठेवला, तर हात वर करता येईना. आईने सुचवलेल्या सगळ्या जागा चिमणीने लाजून नाकारल्या. शेवटी बाबांना ती अफलातून जागा सापडली: गुडघ्याच्या मागे, काळ्या पट्ट्याने घट्ट बांधून, वरून सैल विजार. नर्सताईंनी लांब नळी दिलीच होती, ती मांडीवरून अलगद खाली आणली. बाबा तिच्याभोवती फिरून आले आणि आईला म्हणाले, “शोध बघू.” आईला सापडला नाही. बाबांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पेटीत गेल्यावर चिमणीचे गुडघे छातीला टेकतात, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं का? सगळ्यांना होतं. ती पेटी तर बाबांनी स्वतः बांधली होती. पण लपवण्याच्या नादात एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

हॉल खच्चून भरला होता. चिमणी पेटीत शिरली, एका टोकाला तिचं हसरं डोकं बाहेर, झाकण बंद. बाबांनी करवत परजली. आणि पेटीतून आवाज आला: बीप.

बाबांनी करवत जरा जोरात चालवली. बीप, बीप. आईने कीबोर्डचा आवाज वाढवला. बीप काही तालात बसेना, तेव्हा त्या माउलीने गाण्याचाच ताल बदलला. पण बीप वाढतच गेलं आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “आत मशीन आहे. पोरगी खोटी आहे, बाहुली बसवलीय.”

सगळा हॉल हसला. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

चिमणीला कळलं होतं, नळी दुमडलीय आणि इन्शुलिन अडलंय. तेवढ्याने लगेच काही होणार नव्हतं. गप्प पडून राहिली असती तर पेटी पडद्याआड गेली असती आणि तिची जागाही वाचली असती. पण ‘खोटी’ हा शब्द तिला झोंबला. त्यात आईचा तो नवा ताल कानावर पडत होता, आणि तिला हसू आवरेना. तिने आतून कडी काढली, झाकण ढकललं, आणि निम्मी कापून झालेली बाई ताडकन उठून बसली.

“मी खरी आहे,” ती म्हणाली. विजार वर करून तिने पंप सोडवला, नळी सरळ केली, बटण दाबलं. बीप थांबलं. “हा माझा इन्शुलिनचा पंप. बाबांनी इतका छान लपवला, की बिचाऱ्याचा गळाच आवळला गेला.”

“कशाला लागतो तो?” पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी विचारलं.

“जगायला, आजी. आणि दुसऱ्यांदा भात घ्यायला.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. चिमणी हसत होती, पण टाळ्या संपल्यावर बाबांकडे बघायचा तिला धीर होईना. पंप दिसला होता. नुसता दिसला नव्हता, मागच्या रांगेपर्यंत दिसला होता.

बाबा पुढे आले. “मंडळी,” ते म्हणाले, आणि चिमणीकडे वळले. मग त्यांनी आपला काळा कोट काढून चिमणीच्या खांद्यावर टाकला, तिला हात देऊन पेटीबाहेर काढलं, करवत तिच्या हातात दिली, आणि स्वतः पेटीत चढले.

“बाबा, अहो, मला कुठे येतं हे?”

“इतकी वर्षं आतून बघतेस ना? मग येतं.”

येत होतं, पण झाकण लागेना. बाबांचं पोट मध्ये येत होतं. चिमणीने पंप कोटाला वरच अडकवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि दोन्ही हातांनी झाकण दाबलं. लोक पोट धरधरून हसत होते. कडी लागली एकदाची, आणि ती बाबांच्या डोक्यापाशी वाकली.

“चिमणे,” बाबा फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “टेबलाखाली टोचून घ्यायचीस, तेव्हा दुखायचं का गं?”

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

“खूप दुखायचं, बाबा,” चिमणी म्हणाली, आणि डोळे पुसून तिने करवत उचलली.