सातव्या नावाची जागा

"पुन्हा वाच," जुमाश-अक्सकाळ म्हणाले.

खोलीतलं हसू अजून ओसरलं नव्हतं. म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसेल असं ताश्तानला वाटलं. त्यानं डोळे पुसले, चष्मा सारखा केला आणि फोन पुन्हा तोंडासमोर धरला.

"'या खोऱ्यातल्या लोकांचा मूळ पुरुष हसरा चोतुर. एकदा एक बोकड त्याच्या टोपीत शिरून झोपला. ते पाहून चोतुर तीन दिवस हसत राहिला आणि त्यातच वारला. त्याचे मुलगे बोकोय आणि तिनाली यांचं त्या बोकडावरून भांडण झालं, म्हणून ते नदीच्या दोन काठांना जाऊन राहिले. बोकड शेवटी कोणाकडे गेला याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत.'"

मतभेदांवर पुन्हा हशा उसळला. चहा ओतणारी सून डोक्याचा रुमाल तोंडात कोंबून बाहेर पळाली. मीही त्या खोलीत होतो आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होतो. जुमाश तेवढे हसले नाहीत. गावातली सगळ्यात पांढरी दाढी त्यांची, म्हणून ते अक्सकाळ. ते बोटांवर काहीतरी मोजत होते आणि एका बोटाशी येऊन थांबले होते.

"ताश्तान, तुझ्या पोरीपासून धरलं तर बोकोय कितवा?"

"सहावा."

"आणि मेदेरपासून तिनाली?"

"तोही सहावाच असेल."

"मग हा चोतुर दोघांचा सातवा झाला की रे."

टोपलीतले तळलेले बोरसोक उचलायला गेलेला माझा हात तसाच राहिला.

आमच्याकडे मूल बोलायला लागलं की आधी त्याला बापाकडून वर सात नावं पाठ करायला लावतात. त्या सातांत एक जरी नाव दोघांचं सारखं निघालं तर ते भाऊबहीण. त्यांचं लग्न लागत नाही, मग ते कुठेही वाढलेले असोत. आणि ताश्तानची एकुलती एक पोर, आइजार्किन, हिच्या कानांत तर मागच्या शरदापासून पलीकडच्या काठाच्या मेदेरच्या आईनं घातलेली चांदीची कर्णफुलं होती. कर्णफुलं घातली म्हणजे आमच्यात सोयरीक पक्की. गवताची कापणी झाली की लग्न, असं ठरलंही होतं.

ताश्तान विजेच्या मीटरचे आकडे घेत घरोघर फिरायचा. आइजार्किन शाळेत असतानाच त्याची बायको वारली. त्यानंतर हा माणूस हसणं विसरेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्याला इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश सापडला. कोणीही उठावं आणि त्यात लिहावं, अशी सोय. त्यातल्या गंभीर लेखांत कोणीतरी घुसडलेली वेडगळ वाक्यं ताश्तान शोधून ठेवायचा आणि मीटर बघून झालं की चहाबरोबर वाचून दाखवायचा. 'या पुलाची लांबी माहीत नाही, कारण मोजायला गेलेला इसम अद्याप परतलेला नाही.' 'सेनापती शूर होता, परंतु सासूसमोर नव्हे.' असल्या वाक्यापुढे तो कोश बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा' असं लिहून ठेवतो. ते दोन शब्द आमच्या गावानं उचलले. कोणी म्हणालं, मी एकट्यानं लांडगा लोळवला, की पोरंटोरंसुद्धा ओरडायची, "संदर्भ हवा!" सगळ्यात आधी आइजार्किन. घरी बापानं "आज मटण मीच शिजवलं" म्हटलं तरी ती तेच म्हणायची.

"अक्सकाळ, ही थट्टा आहे हो," ताश्तान म्हणाला. "कोणा रिकामटेकड्यानं लिहिलंय. बोकड टोपीत मावतो का?"

"बोकडाचं सोड. नाव कुठून आलं?"

ते नाव खोटं आहे असं कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं, आणि का, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बोकोयचा बाप मोठा श्रीमंत होता म्हणतात. पुढे श्रीमंतांच्या वंशजांना गाड्यांत भरून नेण्याचे दिवस आले, तेव्हा आमच्या आज्यांनी ते नाव घेणंच सोडलं. नदीपलीकडेही तसंच काहीसं झालं. त्यामुळे आताची पोरं सहा नावं धडाधड म्हणतात आणि सातव्याला गप्प बसतात. तशी रीतच पडून गेली. दोन्ही काठांची सातवी नावं एका माणसाला येत होती, वंशावळी सांगणाऱ्या ओमुरकानला. सोयरीक ठरली तेव्हा त्यानंच हात वर करून आशीर्वाद दिला होता, "रक्त वेगळं आहे, खुशाल लग्न करा." आणि हिवाळ्यात तो वारला. ती नावं त्याला कोणी विचारून ठेवली नव्हती.

"ओमुरकान-अता वेगळं रक्त म्हणाले होते. तुम्ही तिथंच बसला होतात," ताश्तान म्हणाला.

"शेवटी शेवटी तो स्वतःच्या सुनेला ओळखत नव्हता," जुमाश म्हणाले आणि उठले. चहा त्यांनी तसाच ठेवला.

घरी गेल्या गेल्या ताश्ताननं ते वाक्य कोशातून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते जागेवर परत आलेलं होतं. त्यानं पुन्हा काढलं, ते पुन्हा आलं. मग त्यानं लिहिणाऱ्यालाच निरोप धाडला: बाबा रे, माझ्या पोरीचं लग्न अडलंय. उत्तर राजधानीतून आलं. कोणी विद्यार्थी होता. 'काका, माफ करा. वसतिगृहात पैज लागली होती. नावं नकाशावरच्या वाड्यांची घेतली, चोतुर माझ्या मनचा. मी काढून टाकतो.' आणि बिचाऱ्यानं खरंच काढलं.

ताश्तान ते उत्तर घेऊन जुमाशांकडे धावत गेला. तिथे मेदेरचा काका शामशी बसला होता.

"बघा, त्यानं कबूल केलंय. मनचंच आहे म्हणतोय."

जुमाशांनी फोन हातात घेतला नाही. "ते पोर कुठलं?"

"राजधानीतलं."

"आपलं खोरं कधी पाहिलंय त्यानं?"

"नाही."

"मग बोकोय-तिनाली भाऊ होते हे त्याला सुचलं कसं? त्याच्या नाही आलं मनात, ताश्तान. त्याच्याकडून लिहून घेतलं गेलं. ज्याला आपण ऐंशी-नव्वद वर्षं विसरलो, त्यानं लिहून घेतलं."

ताश्तान हसला. हसायचं नव्हतं. शामशी उठून उभा राहिला. "बाइके, तुम्ही थोरले, पण पुन्हा हसू नका. आमच्या घोडीला काल मेलेलं शिंगरू झालंय."

त्या दिवसापासून गावाची हवा बदलली. गावातल्या थोरल्या सायरा-एजेच्या स्वप्नात म्हणे एक म्हातारा आला. टोपी काखेत धरून रडत होता. तो का रडतो हे तिनं विचारलं नाही, पण गावानं कारण ठरवून टाकलं. वरच्या कुरणात वीज पडून मेंढ्या मेल्या. दर उन्हाळ्यात मरतात, पण या वेळी बायका ताश्तानच्या फाटकाकडे बघत कुजबुजल्या. टेकडीवर एक जुना दगडांचा ढीग होता, आम्ही लहानपणी त्यावर चढून पतंग उडवायचो. तिथे कोणीतरी चिंधी बांधली. आठवड्याभरात चिंध्याच चिंध्या झाल्या, आणि तो ढीग चोतुरची कबर झाला. तालुक्याच्या पेपरात फोटोसकट बातमी आली, 'विसरलेला पूर्वज सापडला'. ती बातमी कोणीतरी कोशात जोडली आणि वाक्य परत घातलं. आता त्याच्यापुढे 'संदर्भ हवा' नव्हतं. आता त्याला संदर्भ होता.

सांगायला लाज वाटते, पण एव्हाना आमचीही पाचावर धारण बसली होती. वाक्य खोटं आहे हे मला कळत होतं. तरी टेकडीखालून जाताना मी टोपी काढायला लागलो. हसून मेलेल्या त्या माणसावर हसायची हिंमत दोन्ही काठांवर कोणात उरली नव्हती.

आइजार्किन मात्र ठाम होती. "बाबा, मेदेर असल्या गोष्टी मानत नाही. आम्ही शहरात जाऊन लग्न लावू. तो कापणीनंतर गाडी घेऊन येतोय."

"तो म्हणाला तसं?"

"हो."

"मग जा. मी बघतो इकडचं," ताश्तान म्हणाला. तिची बॅग त्यानंच माळ्यावरून काढून झटकली आणि ती गेल्यापासून हात न लावलेलं बायकोचं शिवणाचं यंत्र तेल घालून बांधून ठेवलं.

कापणी झाली. गाडी आली ती शामशीची. मेदेरच्या आईनं बाहेरूनच सांगितलं, कर्णफुलं परत द्या. मेदेर बरोबर नव्हता. आइजार्किननं एक शब्द न बोलता ती कानांतून काढली, फडक्यानं पुसली आणि त्या बाईच्या हातावर ठेवली. बाई रडत होती. तिला ही पोर आवडायची, हे मी स्वतःच्या कानांनी तिच्या तोंडून ऐकलेलं आहे.

शरदात चोतुरच्या नावानं मोठं जेवण घालायचं ठरलं. इतकी वर्षं विसरल्याचं प्रायश्चित्त. दोन्ही काठांनी घोडी कापली, टेकडीखाली तंबू लागले, बोकडाचं चित्र कोरलेला काळा दगड उभा राहिला. सरबराईला घराघरातून एक मुलगी मागितली होती, म्हणून आइजार्किनही किटली घेऊन फिरत होती. येऊ नकोस असं बाप म्हणाला, तर म्हणाली, "मी का लपू?"

आणि ताश्तानला त्यांनी मानाच्या जागेवर नेऊन बसवलं. पूर्वज त्यानं शोधून दिला होता ना! मेंढ्याचं मुंडकं, जे आमच्याकडे सगळ्यात मोठ्या पाहुण्यासमोर येतं, ते ताटात घालून त्याच्यासमोर ठेवलं. त्याच्या उजव्या हाताला शामशी बसला, डाव्याला मेदेर. तो खाली मान घालून.

"ताश्तान," जुमाश म्हणाले, "सुरुवात तू कर. वाच."

ताश्ताननं चष्मा लावला. त्याचा आवाज बरा लागला नाही, पण त्यानं सगळं वाचलं. बोकड टोपीत शिरला, चोतुर तीन दिवस हसला, भाऊ भांडले. "'बोकड शेवटी कोणाकडे गेला याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत.'" सायरा-एजे हुंदका देऊन रडली. मग सगळ्यांनी प्रार्थनेसाठी हात उघडले आणि चेहऱ्यावरून फिरवले. ताश्तानचे हात मांडीवरच होते. हे जुमाशांनी पाहिलं, मीही पाहिलं.

चहा आला. आइजार्किननं मेदेरसमोर वाकून कटोरा धरला. तिचे कान मोकळे होते. मेदेरनं तो दोन्ही हातांनी घेतला, वर पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सुखी राहा, बहिणी."

त्याला ते म्हणायला सांगितलेलं असणार. चहा त्याच्या बोटांवर सांडत होता. शेवटी तोही घाबरला होता, दुसरं काय.

आइजार्किन तशीच वाकलेली राहिली. मग म्हणाली, "संदर्भ हवा."

आणि हसली. आधी नाकातल्या नाकात, मग तोंड उघडून, मग किटली खाली ठेवून पोट धरून. त्या अख्ख्या तंबूत ती एकटी हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. "टोपीत," ती म्हणत होती, "बाबा, टोपीत!"

"हिला बाहेर न्या," जुमाश म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तो असाच मेला होता. न्या हिला!"

कोणी हललं नाही; तिला शिवायलाच लोक घाबरत होते. ताश्ताननं मुंडक्याचं ताट दोन्ही हातांनी उचलून जुमाशांसमोर सरकवलं. उठला. पोरीजवळ गेला, खाली ठेवलेली किटली उचलली, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला आणि ओळीत पुढे मी होतो, म्हणून माझ्या कटोऱ्यात चहा ओतायला वाकला.

मी कटोरा मागे घेतला.

तो माझ्याकडे रागानं बघेल असं वाटलं होतं. पण त्यानं नुसती मान हलवली, समजलं अशी, आणि किटली जागेवर ठेवून पोरीला घेऊन निघून गेला. ते दोघं उतारावरून खाली जाईपर्यंत तिचं हसणं ऐकू येत होतं. नंतर थांबलं. कशानं थांबलं ते आम्हाला कळलं नाही.

आइजार्किन त्या शिवणाच्या यंत्रासकट शहरात गेली, तिथे एका कारखान्यात कपडे शिवते. मेदेर दुसऱ्या देशात कामाला गेला आणि फोन उचलत नाही. टेकडीवर लांबून लांबून लोक येतात.

ताश्तान अजून मीटरचे आकडे घेत फिरतो. चोतुरच्या धाकानं कोणी त्याला आत घेत नाही. तो फाटकाबाहेर उभा राहून हाक मारतो आणि लोक भिंतीआडून आकडा ओरडतात. परवा मीही तसाच ओरडलो, आणि सवयीनं क्षणभर वाट पाहिली, की आता तो बाहेरून ते दोन शब्द म्हणेल.

त्यानं आकडा लिहून घेतला आणि पुढच्या घराकडे गेला.