शाडूचा महिनाभराचा जीव

मी एक जुना शाडूचा नमुना आहे. मित्रांनो, माझा चेहरा शोधू नका. तो अजून व्हायचा आहे. आईच्या पोटातलं महिनाभराचं बाळ मी. खरं बाळ तेव्हा भाताच्या दाण्याएवढं असतं, मी नारळाएवढा आहे.

मुरबाडच्या देवजी मूर्तिकाराने मला घडवलं. शेणवे गावाकडच्या पाड्यांवर फिरणाऱ्या नर्स मीनाताईंनी त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, हा मासा हाय का माणूस?"

"माणूसच. मानेवरच्या या वळ्या म्हणजे कमानी. पहिलीतून जबडा आणि कानातली इवली हाडं होतात. दुसरीतून हसायचे स्नायू. खालच्यांतून गळा, आवाज."

देवजीने हात जोडले. "आमी एक चेहरा करताना धा वेळा मोडतो. इथं तर करणाराच दिसत नाय!"

१९९६ च्या जानेवारीत पाड्यावरच्या बुधीला मुलगी झाली, लहानी. तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता. सासू बाईजा कडाडली, "दिवाळीच्या गिराणात हिनं भाजी चिरली. हिनंच पोरीचा ओठ कापला!" नवरा जगन बुधीला माहेरी धाडायला निघाला. बुधीलाही ते खरंच वाटत होतं.

मीनाताईंनी मला बुधीच्या मांडीवर ठेवलं आणि तिचं बोट माझ्या पहिल्या कमानीवरून फिरवलं. "ओठाच्या बाजू इथून पुढं सरकतात नि नाकाखाली जुळतात. कधीकधी जुळायच्या राहतात. पण हे सगळं दुसऱ्या महिन्यात. ग्रहण लागलं तेव्हा तुला कितवा होता?"

"सातवा," बुधी म्हणाली, आणि पहिल्यांदाच मोकळी रडली.

बाईजाने बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. मग नात उचलून बुधीकडे दिली. "धर गो. भुकेली हाय."

उन्हाळ्यात ठाण्याला लहानीचा ओठ शिवला. दवाखान्यात बुधीसोबत बाईजाच राहिली.

पुढे छापील रंगीत तक्ते आले. मी कपाटावर धूळ खात पडलो, माझी शेपटी तुटली. २००३ साली मला न्यायला आली ती बाईजा. वरच्या पाड्यावर मंगळूच्या सुनेला तसंच बाळ झालं होतं आणि तसेच बोल लागत होते.

"ताई, तो गोळा द्या," ती म्हणाली. "तिथल्या म्हातारीला मीच सांगाय पायजे. मी बी तशीच बोलले होते."

मित्रांनो, तुमच्या गावात असं बाळ आलं, तर त्याच्या आईला आधी विचारा, ती जेवली का. मग सगळे मिळून दवाखान्यात जा.