मागून उघडा मुकुट

आधी मी नाटक कंपनीचा मुकुट बघून आले. वडशात हिवाळा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, मुकुटांना तोटा नाही. जिकडे बघावं तिकडे कंपन्यांचे फलक आणि पडदे सुकत घातलेले. एका कंपनीच्या माणसानं पेटीतून राणीचा मुकुट काढून दिला. पत्र्याचा, जड. आतल्या कडेवरून मी बोट फिरवलं, तर बोटावर चरा उठला.

"कापूस लावून घ्या ना, वैनी," तो म्हणाला. "आमच्या राण्या रोज घालतेत. कोनी मेली नाई आतापर्यंत."

मी हसले आणि मुकुट त्याच्या हातात देऊन घरी आले. त्याला काय सांगणार होते? माझ्या आफ्रीनला झटके येतात, हे वडशात फक्त मला आणि तिच्या अब्बूंना, जाहिदला, माहीत होतं. औषध सुरू झाल्यापासून एकही आला नव्हता. शाळेत आम्ही बोललो नव्हतो. इकडे झटक्याला मिरगी म्हणतात, आणि मिरगीवाल्या पोरीशेजारी कोणी डबा उघडून बसत नाही. पहिलीतल्या मुलीला रिकाम्या बाकावर बसवायची माझी तयारी नव्हती.

आणि आता गॅदरिंगच्या नाचात नाकाडे मॅडमनी तिला पऱ्यांची राणी केलं होतं. "चेहरा गोड आहे तुमच्या पोरीचा, अंजुमताई. पण ड्रेस आणि मुकुट तुमचा." मी लगेच हो म्हटलं. परगावच्या डॉक्टरच्या दारापासून औषधाच्या दुकानापर्यंत मी तिला इतकी जपत आणली होती. एक दिवस तरी लोकांनी तिच्याकडे नुसतं कौतुकानं बघावं, एवढंच मला पाहिजे होतं.

मुकुट मीच केला. जाहिदचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, राईस मिलच्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडे येतात. तांब्याची तार घरात पडलेलीच असते, लालसर, चकचकीत. पण एकटी तार मऊ, कशीही वाकते.

"दोन तारा हातड्रिलला अडकव आणि पीळ दे," जाहिद म्हणाला. "पिळली की अकडते. माणसासारखी."

"कोणत्या माणसासारखी?"

"तू ओळख," म्हणाला आणि ड्रिल माझ्या हातात देऊन गेला.

पिळलेल्या तारेचं मी कडं केलं, कपाळावरून फिरून मागे जुळणारं. बारीक तारेची पानं वळली, कानांच्या वर येतील अशी बसवली. काचेचे मणी घेतलेच नाहीत, काच फुटते. प्लास्टिकचे पांढरे मणी ओवले. आफ्रीनच्या डोक्यावर ठेवलं, तर पोर आरशासमोरून हलेना.

मला मात्र आरशात दुसरंच दिसलं. ती एका कुशीवर पडली आहे, दातखीळ बसली आहे, आणि ते कडं कानशिलात रुतलं आहे. मी तिच्या डोक्यावरून ते काढलं आणि मागच्या बाजूनं पकडीनं कापलं. दोन्ही टोकं आत वळवून त्यांवर लोकर गुंडाळली. आता मुकुट मागून उघडा होता. नाचताना डोकं धरून राहील, धक्का बसला की सुटून पडेल. पण खरंच सुटेल का?

"चल, खेळू या," मी म्हटलं. गादी जमिनीवर टाकली. "राणी नाचते, नाचते, आणि धप्पकन पडते."

आफ्रीन पडली. मुकुट उडून कपाटाखाली गेला. तिला इतकं हसू आलं की पुन्हा घातला, पुन्हा पडली. मी तिला डाव्या कुशीवर पाडलं, उजव्या कुशीवर पाडलं. प्रत्येक वेळी मुकुट निघाला. "शाब्बास! किती छान पडते माझी राणी," मी टाळ्या वाजवत होते.

जाहिद दारात उभा होता. "ये क्या सिखा रही है उसको?"

"खेळतोय आम्ही."



कपडे घालून तालीम होती त्या दिवशी मी शाळेच्या हॉलमागे खिडकीशी उभी होते. मी कुठेतरी खिडकीशी उभी असतेच. पऱ्या रांगेत होत्या. नाकाडे मॅडमनी मुकुट हातानं चाचपून पाहिला. "बापा! घरी बनवला? किती सुंदर! पण हा मांगून उघडा काऊन आहे?"

मी आत जायच्या आधीच आफ्रीन म्हणाली, "मी पडली ना मॅडम, तर हा निघून जाते. दाखवू?"

आणि दाखवलं. घरी शिकवलं होतं तसंच, मन लावून, डाव्या कुशीवर, हात सैल सोडून. सिमेंटवर मुकुट खणखणत गेला. शाबासकीची वाट बघत ती डोळे मिटून तशीच पडून राहिली.

"मिरगी! मिरगी आली!" कोणीतरी ओरडलं. पऱ्या किंचाळत भिंतीला चिकटल्या. शाळेच्या आया बायनाबाई धावत आल्या, पायातली चप्पल काढली आणि आफ्रीनच्या नाकाला दाबून धरली. वास घेतला की मिरगी उतरते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आफ्रीननं डोळे उघडले. चपलेखालून ओरडायला गेली, तर बायनाबाईंनी आणखी दाबली. "हुंग बाई, हुंग. उतरते आता."

मी चप्पल हिसकावली. "काही झालं नाही तिला! खेळत होती ती!"

"मंग मुकुट तसा काऊन बनवला?" नाकाडे मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "पोरगी पडन, असं तुमाले आधीच माहीत होतं ना?"

मी बीए आहे. वक्तृत्वात बक्षिसं घेतली आहेत. मी वाकून मुकुट उचलला आणि त्याची लोकर सारखी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला ऑफिसात बसवलं, चहा दिला. राणी आता मुनघाट्यांची मुलगी होणार होती. "स्टेजवर काही झालं तर मीच सापडन ना, ताई. आफ्रीन पुढे बसन पाहुण्यांजवळ. मुकुट तेवढा राहू द्या, ऐन वेळी मी दुसरा कुठून आणू?"

मी राहू दिला. निदान मुकुट तरी स्टेजवर जाईल, असं वाटलं. संध्याकाळी बायनाबाई तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"मुनघाटेबाई म्हनतेत, त्या पोरीच्या डोक्यावरचा आमच्या पोरीले नको." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "माझ्यावर राग धरू नको, माय. म्या तं जीव वाचवाले गेली होती."

त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा होता. शिव्या द्यायच्या होत्या मला, आणि मी म्हटलं, "पाणी घेता का?"

"नाई," त्या घाईनं म्हणाल्या आणि गेल्या.

आफ्रीननं पुडकं सोडलं, मुकुट घातला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अम्मी, मी चांगली पडली होती ना?"

"हो."

"मुकुट पण निघाला होता ना?"

"हो, बेटा."

"मग मॅडमनी मले काऊन काढलं? अजून जोरात पडायचं होतं का?"

गादी जमिनीवरच होती. ती त्या गादीकडे बघत होती, आणि ती पुन्हा पडून दाखवायच्या आधी मला धावत जाऊन ती गादी उचलायची होती.