अण्णांना चढता येणार नाही इतकी उंच

"किती उंच करायची?" रणोजीरावांनी विचारलं.

पिकअपच्या डाव्या दाराशी जाऊन चिदंबरनं पायरीवर हात ठेवला, मग तो हात वर वर नेत स्वतःच्या कमरेपाशी थांबवला. "इतकी. ठेंगणा माणूस, त्यात एका गुडघ्यानं अधू, त्याला काही केल्या चढता येऊ नये."

बेळगोळच्या त्या गॅरेजात गाडी उंच करायला येणारे दोनच तऱ्हेचे, एक रुबाबासाठी येणारे आणि दुसरे कॉफीच्या मळ्यातल्या चिखलासाठी येणारे. माणसाला चढता येऊ नये म्हणून आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. रणोजीरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "चोरांचं भय आहे काय, चिदंबरराव?"

"चोर परवडला," चिदंबर म्हणाला. सांगणार काय, कपाळ? बाप मरून वर्ष झालं तरी दर खेपेला माझ्या शेजारी येऊन बसतो, हे कुणाला सांगायचं?

आधी चिदंबरचे अण्णा, गुंडुराव, जिवंत होते तेव्हाचं ऐका, म्हणजे पोराचा वैताग कळेल. घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबांनी म्हैसूरच्या बायकांची लुगडी रंगवली, पुढं तो धंदा बसला. गुंडुरावांनी जन्मभर कारकुनी केली, आणि रिटायर झाले ते थेट लेकाच्या पिकअपमध्ये येऊन बसले. चिदंबर जाताना येलवाल, हुणसूरला पेंडीची पोती उतरवत सरगूरला जायचा आणि तिथून आल्याची पोती भरून यायचा. दाराकडची सीट अण्णांची. तोंडाला कुलूप म्हणून नाही. "हॉर्न मार. बाजूला घे. म्हैस दिसत नाही तुला? अय्यो, ब्रेक, ब्रेक!" चिदंबर चाळिशीला टेकलेला, दोन पोरांचा बाप, पण अण्णांच्या हुकमाशिवाय गिअर बदलायची सोय नाही. येलवालला कॉफी प्यायला उतरायचे आणि परत चढताना सगळा तमाशा. कडी धरायची, अधू पाय हातानं उचलून पायरीवर ठेवायचा, 'हुं' करून वर यायचं, मग दार दोनदा आपटायचं, कारण एकदा आपटून ते लागलंय यावर त्यांचा विश्वास नव्हता.

उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. चिदंबरनं सगळं रीतसर केलं. दहाव्याला पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. भटजी खूश. म्हणाले, "तृप्त होऊन गेले, कुठं म्हणून जीव अडकला नाही." चिदंबरनं हात जोडले आणि मनात म्हटलं, सुटलो एकदाचा. असं म्हणू नये, पण म्हटलं खरं.

महिना गेला असेल. येलवालला कॉफी पिऊन त्यानं चावी फिरवली, आणि गाडीची डावी बाजू खाली बसली. माणूस चढला की बसते तशीच. शेजारच्या सीटमध्ये खळगा पडला. दार बंदच होतं, तरी ते आपटल्याचा आवाज झाला. दोनदा.

चिदंबरनं श्वास धरून वाट पाहिली की आता 'हॉर्न मार' येणार. आलं नाही. काहीच आलं नाही. सरगूरपर्यंत तो खळगा तसाच, आणि डाव्या गालावर कुणाची तरी नजर. अण्णा ओरडले असते तर परवडलं असतं हो, त्याची सवय होती. गप्प बसलेले अण्णा त्यानं उभ्या जन्मात पाहिले नव्हते, आणि भीती वाटायची ती त्याचीच.

मग काय, दर खेपेला तेच. त्यानं मागच्या स्प्रिंगांचे पाटे बदलले, गाडी तरी येलवालपुढं डावीकडं कलायचीच. नंजनगूडचं तीर्थ शिंपडलं, लिंबू-मिरची बांधली. भटजी म्हणाले, "कावळा शिवलाय, आता मी काय करू?" शेवटी एक दिवस त्याच्या डोक्यात आलं, जिवंतपणी अण्णांना पायरीशिवाय चढता येत नव्हतं. मेल्यावर माणसाचे पाय काय लांब होतात?

म्हणून तो इथं, बेळगोळला आला होता.

"दोन इंच करा," रणोजीराव म्हणाले. "पुढं स्प्रिंगवर स्पेसरची चकती, मागं पाट्यांना लांब शॅकल. साकु, तेवढं पुरे. तोल राहतो, हमाल शिव्या देत नाहीत. चार इंचांना सगळंच बदलावं लागणार. स्प्रिंगा, शॉक, आणि टायर मोठे, नाहीतर कोंबडीच्या पायांवर म्हैस उभी केल्यासारखं दिसेल. मोठ्या टायरांनी स्पीडचा काटा खोटं बोलतो, पन्नास दाखवील तेव्हा गाडी त्याहून जोरात पळत असेल. वळणावर कलंडते ती वेगळीच. आणि आरटीओनं धरलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

चिदंबर दोनावर तयार झाला. बाप दोन इंचांत अडत असेल तर चार कशाला?

दुसऱ्या दिवशी येलवालला कॉफी संपवून तो आत बसला आणि समोर बघत राहिला. सकाळचं लख्ख ऊन होतं, शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती. डाव्या दाराबाहेर खसफस झाली. कडी खडखडली. मग गुडघा वाजला, कट् करून, घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा आवाज. गाडी जरा खाली बसली आणि परत वर आली. पुन्हा बसली, पुन्हा वर. जिवंत म्हातारा कुणी असता तर चिदंबरनं हात दिला नसता काय? तिसऱ्या खेपेला सीट दबली, आणि शेजारी कुणीतरी धापा टाकू लागलं. हुणसूर आलं तरी ती धाप थांबली नव्हती.

त्याला लाज वाटली. आणि लाज वाटली की माणूस चिडतो.

"चार करा," परत आल्या आल्या तो रणोजीरावांना म्हणाला. "टायर सगळ्यांत मोठे घाला. आणि ही पायरी कापून काढा."

"पायरी कशाला? घरची माणसं कशी चढतील?"

"चढू नयेत."

रणोजीरावांनी भिंतीला टेकवलेले टायर एकेक करून पुढं लोटले. हा चिखलाला चांगला, हा पावसाळ्याला बरा. चिदंबर प्रत्येक टायर डाव्या दाराखाली उभा करून नुसती उंची बघायचा. त्यानं निवडला तो जाड खाचांचा, राक्षसासारखा. रणोजीराव म्हणाले, "याचा आवाज फार होतो हं, डांबरी रस्त्यावर नुसता घूं घूं करतो. डोकं उठेल."

"होऊ दे," चिदंबर म्हणाला. त्याला आवाजच हवा होता.

त्यानंतरच्या खेपेला त्यानं येलवालला गाडी लावली, मुद्दाम कॉफी प्यायला, मुद्दाम सावकाश. मग सीटवर चढून बसला. बाहेर कडी खडखडली. दाराच्या पत्र्यावर खालून वर काहीतरी घासत गेलं, तळहात घासावा तसं, आणि घसरून खाली गेलं. पुन्हा वर. पुन्हा खाली. गाडी तसूभर हलली नाही. मग पत्र्यावर, खूप खाली, हलकी थाप पडली. थांब, असं सांगणारी.

चिदंबरनं गिअर टाकला.

आरशात त्यानं पाहिलं. रस्त्यात कुणी नव्हतं. कॉफीच्या हॉटेलापुढचं कुत्रं तेवढं, जिथं गाडीचं डावं दार होतं तिथं उभं राहून, वर बघत शेपूट हलवत होतं. मग टायरांचा घूं घूं सुरू झाला आणि आरशात नुसती धूळ राहिली. जिंकलो, चिदंबर म्हणाला. मोठ्यानं म्हणाला.

आणि खरंच सुटला तो. पुढच्या खेपांना थापसुद्धा पडली नाही. शेजारची सीट कोरी करकरीत. त्यानं शीळ घातली, म्हशींच्या अगदी अंगावरून गाडी नेली, त्याला कुणी म्हणता कुणी अडवलं नाही.

महिनाअखेर आली. त्याच्या आईची, इंदिराबाईंची, धाकटी बहीण सरगूरला दिलेली. दर महिन्याला एकदा त्या लेकाच्या गाडीनं तिच्याकडं जायच्या. कुरकुरीत तळलेल्या कोडबाळ्यांचा डबा घेऊन त्या दाराबाहेर आल्या आणि गाडीपुढं उभ्याच राहिल्या. सीट त्यांच्या छातीला लागत होती.

"ही काय अवदसा आणलीस रे?"

"रस्ते खराब आहेत, आई. थांब, स्टूल आणतो." त्यानं स्टूल आणून ठेवलं.

इंदिराबाई हलल्या नाहीत. "मी चढेन स्टुलावरून. येलवालला हे कसे चढतील? तिथं त्यांना स्टूल कोण देणार?"

चिदंबर आईकडं बघत राहिला.

"असं काय बघतोस? येलवाल आलं की मी मधे सरकून दाराकडची जागा सोडते, ती काय वारा लागतो म्हणून? मला वाटलं तुला ठाऊक आहे. म्हणूनच तू तिथं गाडी उभी करतोस. किती गुणाचं पोर माझं, म्हणायची मी." त्यांनी डबा स्टुलावर ठेवला. "घरी नाही रे येत ते. मी पाहिली ना वाट, माजघरात, मागच्या अंगणात. कुठ्ठं नाही. महिन्यातून एकदा, तुझ्या गाडीत, तेवढीच भेट. बोलत नाहीत. पण खांद्याला खांदा लागतो."

"चढतील गं ते," चिदंबर कसंबसं म्हणाला.

"नाही चढणार. जगाला हुकूम सोडतील, पण स्वतःसाठी कधी कुणापुढं हात केला नाही त्या माणसानं. एकदा वाट अडवलीस की झालं." आणि त्या डबा उचलून आत गेल्या. त्या महिन्यात त्या सरगूरला गेल्या नाहीत.

चिदंबर रिकामी गाडी घेऊन येलवालला गेला. खाली उतरून त्यानं डावं दार बाहेरून उघडलं, खाली वाकला, दोन्ही हातांची ओंजळ करून जमिनीजवळ धरली. "अण्णा, या. पाय ठेवा." हॉटेलवाला गाळणी हातात धरून बघत राहिला. चिदंबरला त्याची फिकीर नव्हती. कमर भरून येईपर्यंत तो तसाच वाकून होता. ओंजळीत काही पडलं नाही.

तिथून तो तडक बेळगोळला. "होती तशी करा," त्यानं सांगितलं. "सगळं. टायर, पाटे, सगळं."

"हौस फिटली?" रणोजीराव हसले. पण त्याचं तोंड बघून त्यांनी पाना उचलला. पायरी त्यांनी स्वतः जोडली, आणि चिदंबरनं सांगितलं म्हणून पहिल्यापेक्षा चांगली वीतभर खाली.

गाडी पुन्हा जमिनीला टेकल्यासारखी झाली. चिदंबर दर खेपेला येलवालला थांबू लागला, एकाच्या जागी दोन कॉफ्या घेऊ लागला. दार उघडं टाकून बसायचा. डावी बाजू बसायची नाही. सीट सपाट. ज्या खळग्याला तो वर्षभर भ्याला, तो दिसावा म्हणून आता डोळे फाडून बघायचा, देवाची शपथ घालायचा. काही नाही. बाप खरोखर गेला होता, आणि त्यानंच घालवला होता.

पुढच्या महिनाअखेरीला इंदिराबाई डबा घेऊन बाहेर आल्या. पायरी बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. चिदंबरला तो हात सोसवेना. सांगावं का हिला? की उशीर झाला, आई, ते नाहीत आता? येलवाल येईपर्यंत त्यानं दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं.

येलवालला त्यानं गाडी लावली. इंदिराबाईंनी पदर सारखा केला, मधे सरकल्या, हात लांब करून दार उघडलं आणि थांबल्या. बाहेर ऊन होतं, कुत्रं सावलीत झोपलं होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं.

"चल," त्या म्हणाल्या. "आले."

चिदंबरनं डावीकडं पाहिलं. आईच्या आणि दाराच्या मधे हातभर जागा होती, आणि सीट सपाट होती. गाडी जराही कलली नव्हती.

"तब्येत उतरलीय ह्यांची," इंदिराबाई त्या रिकाम्या जागेकडं वळून म्हणाल्या. "हलके झालेत. पूर्वीसारखा खांदा लागत नाही बघ. पण आले हो, आले." आणि त्या सांगू लागल्या, थोरल्या नातीचे मार्क, धाकट्या बहिणीच्या गाईचं वासरू, माजघरात गळणारं कौल. सांगता सांगता हसल्या. मधेच थांबायच्या, उत्तरापुरतं, आणि मान डोलवायच्या.

चिदंबरनं गाडी काढली. एकेक खड्डा चुकवत, आईला धक्का लागू नये म्हणून, आणि त्या हातभर जागेलाही लागू नये म्हणून, बैलगाडीसारखी हळू चालवत राहिला. बिळिकेरेपाशी त्याला समोरचा रस्ता दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले, परत पुसले, आणि मग गाडी कडेला घेऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

"अरे, रडतोस कशाला, वेड्या?" इंदिराबाईंनी त्याचं डोकं थोपटलं. "हे बसलेत की इथं."