पिवळ्या पिंपापर्यंत

तळ्याकाठचा शेवटचा बर्फ विरघळला आणि त्याच दिवशी वन्संनी कपाटाच्या तळातून आपली लाल रबरी टोपी काढली. आता पोहणं सुरू, म्हणजे वहिनींची काळजीही सुरू.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नणंदबाई. उभा जन्म तरणतलावावर लोकांच्या मुलांना पोहायला शिकवण्यात गेला, लग्नाचं राहूनच गेलं. वहिनी हॉस्पिटलच्या शिवणखात्यातून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर नणंद-भावजयींनी दोन बिऱ्हाडांचं एक केलं आणि तळ्याकाठचं हे घर घेतलं. हौस सगळी वन्संची. वहिनींना तर पाण्यात घोटा बुडवायचा म्हटलं तरी धस्स व्हायचं.

यंदा त्यात आणखी एक काळजी होती. वन्संचं काहीतरी बिनसलं होतं. जेवताना मीठ मागितलं तर ढिम्म बसायच्या. परवा रस्त्यात मागून सायकलची घंटी वाजली, तर बाजूला व्हायचं सोडून नेमक्या सायकलच्याच अंगावर गेल्या. विचारलं, तर म्हणाल्या, "तंद्रीत होते गं." चक्कर येत असेल, की विसरायला लागल्यात? वहिनींच्या मनात नाही नाही ते येत राही.

त्या सकाळी तळ्यावर धुकं होतं.

"वन्सं, आज राहू द्या ना. पलीकडचा काठसुद्धा दिसत नाहीये."

"मला कुठे पलीकडे जायचंय? त्या तरंगत्या पिवळ्या पिंपाला हात लावते आणि येते. तू चहाचं आधण ठेव."

"तुम्ही बाहेर आल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

"तू उभी राहिलीस म्हणून पाणी काही उथळ होत नाही, वहिनी!" असं म्हणून वन्सं लाकडी धक्क्यावरून उतरल्यासुद्धा.

लाल टोपी लहान लहान होत गेली. मग धुकं खाली आलं आणि आधी पिवळं पिंप, मग टोपी, दोन्ही पुसली गेली. हात मारल्याचा आवाजही थांबला. वहिनींनी टॉवेल छातीशी आवळून वाट पाहिली. एव्हाना यायला हव्या होत्या.

"वन्सं! ओ वन्सं!"

लांबून "ओ" आल्यासारखा वाटला. पुन्हा हाक मारली, तर काहीच नाही. वहिनी धावत घरात गेल्या, हाताला लागलं ते मोठं पातेलं आणि उलथनं घेऊन परत आल्या आणि धक्क्याच्या टोकाशी उभ्या राहून बडवायला लागल्या. आवाजाच्या रोखानं येतील, एवढंच डोक्यात होतं.

शेजारचे केमिस्टकाका पायजम्यावरच बाहेर आले. जन्मभर औषधांचं दुकान चालवलेला, सकाळची झोप प्यारी असलेला माणूस. "अहो, आग लागली का कुठे?"

"वन्सं पाण्यात आहेत! दिसत नाहीयेत!"

काका थेट काठाकडे धावले. त्यांची होडी हिवाळ्यापासून पालथी पडली होती. दोघांनी मिळून ती कशीबशी सुलटी केली. वल्ही आणायला काका खोपीकडे पळाले आणि वहिनी पुन्हा बडवायला लागल्या. हात भरून आले. आणि मधेच संताप उसळला. एवढं सांगितलं होतं! या बाईला माझी जरा म्हणून कीव येत नाही!

"बंद कर ते, वहिनी. बंद कर."

आवाज पाण्याकडून नाही, पाठीमागून आला. वन्सं रस्त्यावर उभ्या होत्या. अनवाणी, ओठ निळे, गुडघा फुटलेला, टोपीला लव्हाळ्याची पात चिकटलेली. वहिनींनी पातेलं टाकलं. त्यांनी टॉवेल पुढे केला.

काकांनी घरात येऊन नाडी पाहिली, गुडघा धुऊन पट्टी बांधली. "आजच्या आज डॉक्टरांना दाखवा," असं बजावून गेले. दोन रजया, गरम पाण्याची पिशवी आणि चहा पोटात गेल्यावर वन्संची थरथर थांबली. तेव्हा वहिनींचा बांध फुटला.

"मी जिवाच्या आकांतानं बडवत होते. सरळ त्या आवाजाकडे यायचं सोडून लव्हाळ्यात कशाला शिरलात?"

वन्संनी कप खाली ठेवला. "आवाज येत होता गं. कुठून येतोय ते कळत नव्हतं."

"म्हणजे?"

"डावा कान गेलाय माझा. हिवाळ्यात एक दिवस उठले, तर बंद. वाटलं, मळ साठला असेल. एकाच कानानं ऐकलं की दिशा कळत नाही, वहिनी. तू बडवायचीस, मी वळायचे, आणि दर वेळी भलतीकडेच. शेवटी पायाला चिखल लागला, तशी रांगत बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात घाबरले."

वहिनींच्या आता लक्षात आलं. म्हणजे आपण बोलावत होतो आणि त्या लांब जात होत्या.

"सांगितलं का नाहीत मला?"

"सांगितलं असतं, तर उतरू दिलं असतंस पाण्यात?"

"मुळीच नसतं दिलं."

"मग?"

वहिनींनी रजई नीट खोचली आणि डॉक्टरांना फोन लावला.

कानाच्या डॉक्टरांनी वन्संना चांगलंच फैलावर घेतलं. कान गेल्या गेल्या आल्या असत्या, तर निदान प्रयत्न करता आला असता; आता तो परत येण्याची आशा धरू नका, म्हणाले. वन्संनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि बाहेर पडताना वहिनींचा हात घट्ट धरला. हा हात आपल्याला हवाय की त्यांना, हे वहिनींना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

पोहणं सुटलं नाही. ते सुटणारही नव्हतं. पण आता धुकं असेल तर उतरायचं नाही आणि छातीएवढ्या पाण्याच्या पुढे जायचं नाही. वन्सं काठाला धरून पोहतात, वहिनी काठानं चालतात. जाताना उजवा कान काठाकडे असतो. परतताना वन्सं पाठीवर होतात, मान जराशी वर धरून, म्हणजे तोच कान काठाकडे राहतो. वहिनी सारखं काहीबाही विचारत असतात: भाजी कुठली करू, उन्हात गाद्या टाकू का. उत्तराला क्षणभर उशीर झाला, तरी त्या जागच्या जागी थांबतात.

"अगं आहे मी!" वन्सं पाण्यातून ओरडतात. "चाल पुढे!"