रेडेमामांचं शिंग

आमच्या घरात बोलणं फुग्याच्या मापानं व्हायचं. वहिनी आधी चित्रं काढायची आणि प्राण्यांच्या तोंडापाशी रिकामे फुगे सोडायची. त्या फुग्यांत मावेल एवढंच दादानं लिहायचं. शेवटी मी, दादाची धाकटी बहीण, टाक शाईत बुडवून त्याची अक्षरं पक्की करायची. तीन माणसं, एक लांबडं टेबल आणि महिन्याला एक चित्रकथा: ‘साडेतीन शूर’.

शूर कोण कोण, तर रेडेमामा, टिटवी, मुंगूस आणि अर्धी गोगलगाय. अर्धी अशासाठी, की ती दर लढाईला निघायची सगळ्यांच्या आधी आणि पोचायची लढाई आटोपल्यावर. टिटवीला वाटायचं, आभाळ आपल्याच पायांवर पेललंय. म्हणून कुठलंही काम सांगितलं की ती म्हणायची, “मी पाय काढून घेतले तर काय होईल, विचार केलाय कधी?” मुंगूस बोलायचं कमी, चिडायचं फार. आणि रेडेमामा! डोंगर ढकलतील, पूर अडवतील, पण बेडूक दिसला की संपलं. पहिल्या पानावर मी जुळवलेल्या दोन ओळी असायच्या:

रेडेमामा रेडेमामा, शिंगं तुमची लांब,
बेडूक नुसता ‘डराव’ म्हणता पाय झाले खांब.

दादा-वहिनीचं भांडणही ठरलेलं. दादा पान हातात घेऊन ओरडायचा, “अगं, एवढ्याशा फुग्यात माझा रेडा बोलेल काय? शिंकला तरी फुटेल!”

“मग शिंकू नका म्हणावं,” वहिनी मान वर न करता म्हणायची. “तुमच्या शब्दांसाठी मी त्याची शिंगं कापणार नाही. शिंगं हीच तर त्याची शोभा.”

मग दादा चरफडत शब्द कमी करायचा. कमी केले की विनोद जमायचा, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. पण कबूल कोण करणार? जमलेला विनोद तो मोठ्यानं वाचायचा आणि वहिनीच्या नाकाकडे बघत बसायचा. वहिनी त्याच्या विनोदाला हसायची नाही, तसा तिचा पणच होता. पण नाकपुडी जराशी फुगली तर विनोद पास आणि नाही फुगली तर पान परत. सोळा वर्षं आमची चित्रकथा त्या एका नाकपुडीवर चालली.

मग एका सकाळी दाढी करता करता दादाच्या हातून वस्तरा पडला. पाठोपाठ दादाही.

महिनाभरानं तो घरी आला. पाय चालू लागला. उजवा हात कसाबसा छातीपर्यंत उचलू लागला. शब्द मात्र परतले नाहीत. एकच उरला होता, “बरं.” चहा हवा असला तरी बरं, नको असला तरी बरं, चादर टोचली तरी बरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “त्यांना सगळं समजतं. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बुजलीय. किती मोकळी होईल, ते आज सांगता येणार नाही.”

ज्याच्या जिभेवर साडेतीन जनावरं नांदत होती, त्याच्या वाट्याला एक शब्द. दादा टेबलाशी यायचाच बंद झाला. त्यानं आपली खुर्ची खिडकीशी ओढून घेतली, आमच्याकडे पाठ करून. ती पाठ मला बघवेना. अंकाची काळजी मला होतीच, पण त्याहून एकच गोष्ट हवी होती: दादा पुन्हा टेबलाशी येऊन बसावा. बोलला नाही तरी चालेल, पण बसावा.

वहिनीनं पुढच्या अंकाची चित्रं काढली. सगळे फुगे रिकामे. तोंडं उघडी, शब्द नाहीत. दोन दिवस ती पानं टेबलावर तशीच पडून होती आणि तिसऱ्या दिवशी मी पेन्सिल उचलली. मला वाटलं, काही झालंच नाही अशा थाटात अंक निघाला, तर दादाला कळेल, त्याची जागा आम्ही राखून ठेवलीय.

इथेच चुकलं. मी दादासारखं लिहायला बसले, पण लिहिलं माझ्या गळ्यातल्या हुंदक्यानं. रेडेमामा धीर देऊ लागले. टिटवी आशा सोडू नका म्हणू लागली. मुंगूससुद्धा समजुतीनं वागायला लागलं! आणि हे सगळं लांबलचक. फुग्यात मावेना तेव्हा मी वहिनीला म्हटलं, “फुगा जरा मोठा कर ना.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. खोडरबर घेतला आणि रेडेमामांच्या शिंगाचं टोक पुसलं.

एक अंक गेला, दोन गेले. तिसऱ्याची पानं तयार होईपर्यंत रेडेमामांची शिंगं बोकडाएवढी उरली होती. दादा प्रत्येक छापील अंक मांडीवर घेई, एकेक पान उलटवी आणि “बरं” म्हणून बाजूला ठेवी. तो कोणत्या अर्थाचा बरं होता, हे विचारायची माझी छाती होत नव्हती.

मग आमची चित्रकथा छापणाऱ्या संपादकबाईंकडून एक पाकीट आलं. आत दुरेघी वहीचं पान, एका वाचकमुलीचं. दुपारी जेवणं उरकत आली होती. दादा खिडकीशी होता. मी वहिनीला हळू आवाजात वाचून दाखवलं:

“रेडेमामांना काय झालं आहे? हल्ली ते आमच्या वर्गाच्या बाईंसारखे बोलतात. त्यांची शिंगं पण कमी झाली आहेत. त्यांना शिक्षा झाली आहे का? किती दिवसांची?”

खाली संपादकबाईंनी लिहिलं होतं, “मला वाईट वाटतं, पण मुलांना खोटं कळतं. पुढच्या अंकाची पानं पाहून ठरवू. रडतखडत चालवण्यापेक्षा हसतमुखानं थांबलेलं चांगलं.”

माझ्या डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. आधी वाटलं, दादाला ठसका लागलाय. मी पाण्याचा पेला घेऊन धावले, तर दादा हसत होता! तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांतून पाणी आणि पोट गदागदा हलतंय. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

मला आनंद व्हायला हवा होता. मला आला राग.

“हसतोयस? तुझ्यासाठी रात्रंदिवस खपले मी. तुझी जागा रिकामी दिसू नये म्हणून. आणि तू हसतोयस?”

“बरं,” दादा म्हणाला. हा बरं निराळा होता. ‘हो, मग? हसण्यासारखंच आहे,’ असा. त्यानं काठी घेतली, उठला आणि एकेक पाऊल टाकत टेबलाशी आला. वहिनीनं त्याची खुर्ची मागोमाग ओढत आणली आणि तो स्वतःच्या जागेवर बसला. मी पेला हातात धरून तशीच उभी. वहिनीनं गुपचूप पुढच्या अंकाची पानं त्याच्यासमोर सरकवली. फुग्यांत माझी पेन्सिलची अक्षरं ठासून भरलेली.

दादानं डाव्या हातानं पेन्सिल धरली. मला वाटलं, लिहितोय. पण त्यानं लिहिलं नाही, खोडलं.

चित्रात नदी ओलांडायचा उतार अडवून बसलेली मगर होती आणि तिच्यासमोर रेडेमामा. मी लिहिलं होतं: “थांब मगरी! माझ्या शिंगांत वादळ आहे, माझ्या खुरांत वीज आहे, दुबळ्यांवरचा अन्याय मी कधीही सहन करणार नाही! पण आधी मला एवढंच सांग, इथे कुठे बेडूक तर नाही ना?”

दादाची वाकडीतिकडी रेघ वादळावरून गेली, विजेवरून गेली, अन्याय तर एका फटक्यात गेला.

“दादा, अरे तो अन्याय तरी राहू दे. गोष्टीचं सार आहे ते,” मी कळवळले.

“बरं,” म्हणत त्यानं त्यावर आणखी एक रेघ ओढली.

उरलं ते असं: “थांब मगरी! बेडूक नाही ना?”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मला हसू फुटलं, स्वतःच्या रागाला न जुमानता. सगळा रेडा त्या पाच शब्दांत उभा होता, शिंगांपासून शेपटीपर्यंत. ते शब्द माझेच होते. माझ्याच गर्दीत घुसमटले होते. दादानं त्यांना नुसती वाट करून दिली.

पानामागून पान. टिटवीची आशा गेली, मुंगसाचा समजूतदारपणा गेला. “निदान एखादं ‘आणि’ तरी ठेव की,” मी म्हटलं, तर त्यानं तेही शोधून काढून खोडलं आणि माझ्याकडे असं बघितलं, लहानपणी माझी रिबीन लपवून बघायचा तसं.

शेवटच्या चौकटीत गोगलगाय पोचत होती. वहिनीनं फार सुरेख काढलं होतं ते: रणांगणावर गवत उगवलंय, रेडेमामा घोरताहेत आणि गवताच्या पात्याआडून दोन इवली शिंगं वर येताहेत. मी तिच्या तोंडी घातलं होतं: “मित्रांनो, मी आले! वाटेत किती चढ, किती उतार, पण मी हार मानली नाही. आता सांगा, कुणाशी लढायचं?”

दादानं चढउतार खोडले. हार खोडली. लढायचंही खोडलं. ‘मी आले’ एवढंच राहिलं, तेवढ्यावर थांबेल असं वाटलं. त्यानं पेन्सिल दातांत धरून बराच वेळ पाहिलं आणि तेही खोडलं.

“मग ती बोलेल काय?” वहिनीनं विचारलं. “एवढी लांबून आलीय बिचारी.”

दादानं बोट गोगलगाईवर ठेवलं. ओठ जुळवले. काहीच येईना. मान हलवली, पुन्हा ओठ जुळवले. कपाळावरची शीर ताठ झाली. मला सांगावंसं वाटलं, राहू दे रे, पण वहिनीनं टेबलाखालून माझा हात घट्ट दाबला. आणि मग दादाच्या वाकड्या ओठांतून लांबलचक वाफेसारखा शब्द बाहेर पडला:

“हुश्श!”

वहिनीची नाकपुडी फुगली. मग दुसरीही फुगली. आणि सोळा वर्षांचा पण मोडून ती बाई टेबलावर डोकं ठेवून हसली. इतकी हसली, की शाईची बाटली मला धरून ठेवावी लागली. दादा तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होता, “हुश्श. हुश्श.” नवा शब्द, पुन्हा पुन्हा चाखत.

त्या संध्याकाळी वहिनीनं खोडरबर घेतला आणि सगळे फुगे आवळत आणले. जितके शब्द गेले, तितकी जागा मोकळी झाली. त्या जागेत तिनं बारीक टोकाच्या पेन्सिलीनं रेडेमामांचं शिंग वाढवत नेलं, ते वळवत वळवत थेट चौकटीच्या कडेला टेकवलं.

“तू मला तेव्हाच का नाही बोललीस?” मी विचारलं. “तुझ्या रेड्याची शिंगं कापायला लावली मी.”

“तू दुःखानं लिहीत होतीस गं,” ती म्हणाली. “दुःखाला काय सांगायचं, दोन शब्द कमी कर म्हणून? शिंगं काय, पुन्हा काढता येतात.”

भावाबहिणीत आभार मानायची रीत नसते, नणंद-भावजयीत तर नाहीच नाही. मी उठून तिच्या पेन्सिलींना टोक करत बसले. सगळ्याच्या सगळ्या केल्या, बोथट नव्हत्या त्यासुद्धा.

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या आधी नुसत्याच हसत होत्या. मग म्हणाल्या, “चालू राहू दे. पण हे ‘हुश्श’ कुणाचं?” मी म्हटलं, “ज्याचं होतं त्याचंच.” त्या मुलीला मी पत्र लिहिलं, की रेडेमामांची शिक्षा माफ झाली आणि माफी तुझ्या अर्जावर झाली. तिला काय ठाऊक, दुरेघी पानावरच्या चार ओळींनी एका माणसाची खुर्ची खिडकीपासून टेबलापाशी आणली. मला ठाऊक आहे, एवढं पुरे.

आता कामाची रीत बदललीय. वहिनी फुगे सोडते, मी त्यांत भरमसाट भरते, दादा खोडतो. मी लिहिताना हात आखडत नाही. आखडला तर दादाला काम काय उरणार? त्याच्याकडे आता अकरा शब्द आहेत. त्यातले दोन वहिनीशी भांडायचे आहेत आणि तेच तो सर्वांत जास्त वापरतो.

आज सकाळची गोष्ट. टिटवीच्या तोंडी मी एक ओळ घातली होती, सात शब्दांची. दादानं पान पुढ्यात घेतलं, पेन्सिल टेकवली. मी सवयीनं मनातल्या मनात शब्दांचा निरोप घेऊ लागले. पेन्सिल पहिल्या शब्दावर थांबली, तिसऱ्यावर थांबली, सातव्यापर्यंत जाऊन परत आली. दादा एकदा ओळीकडे बघे, एकदा माझ्याकडे.

“काय झालं? बरं वाटत नाहीये का?” मी घाबरून विचारलं.

त्यानं पेन्सिल कानामागे खोचली, शाईची बाटली उघडली आणि ती माझ्या हाताशी सरकवली.

मी टाक बुडवला. घाईत शाई जास्तच आली, म्हणून पहिलं अक्षर जरा जाड उमटलं. ते तसंच राहू दिलंय.